कावळ्याला दिलेला शब्द

“पुढच्या वर्षी बघू,” असं म्हणत काका उजव्या हाताने हवेतली माशी हाकलल्यासारखं करायचे. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. असे एखादे काका तुमच्याही शेजारी असतील. नवा पंखा, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं पुढच्या वर्षावर. काकूंनी जन्मात एकच हट्ट धरला, अंदमानची बेटं बघायचा. तोही त्याच हाताने हाकलला गेला, आणि मग काकूच गेल्या.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा काही पिंडाला शिवेना. लेकीने शब्द दिला, जावयाने दिला. कावळे कठड्यावर बसून नुसते बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं, भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा कुठे काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, “नेतो. या थंडीत अंदमानला नेतो.”

कावळा उतरलाच. हसावं की रडावं, कुणालाच कळेना.

चाळीतले आम्ही पाचसहा भटके दर हिवाळ्यात तंबू घेऊन कुठेतरी जातो. त्या वर्षी काकांसाठी अंदमान ठरवलं. थंडीतली सहल म्हणून ते स्वेटर आणि कानटोपी घालून हजर. तिथे डिसेंबरातही घामाच्या धारा, पण स्वेटर उतरवायला तयार नाहीत.

“काका, उकडत नाही का हो?”

“उकडू दे. मी काय मजा करायला आलोय?”

बोटीने एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं आणि परवानगी असेल तिथे तंबू ठोकायचे, असा आमचा क्रम. काका प्रत्येक बेटावर समुद्राकडे पाठ करून बसत. जेवणाआधी काकूंचा घास पानावर काढून वाळूत ठेवत. कावळ्याच्या आधी शंख पाठीवर घेतलेले बारके खेकडे येत आणि तो ओढून नेत. “मी नेलं नाही, हे तरी नेतायत,” ते एकदा म्हणाले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत.

शेवटच्या बेटावर मात्र काय झालं कुणास ठाऊक. पाय धुवायला म्हणून पाण्यात उतरले. पाणी कोमट, नितळ. आधी घोटे, मग गुडघे, मग एकदम सूर मारला. चौपाटीवर पोहणं शिकलेला माणूस तो. तासभर डुंबले, तोंडाने पाण्याच्या चुळा उडवल्या, मोठमोठ्याने हसले. काकूंनंतर आम्ही पहिल्यांदाच ते हसणं ऐकलं.

बाहेर आले तेव्हा मी चहा पुढे केला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

“अरे, ती असती ना, तर मला गुडघ्यापुढे जाऊ दिलं नसतं.”

“हो, काकू ओरडल्याच असत्या.”

“मग ती नव्हती म्हणूनच मजा आली ना मला?”

काकूंना आनंदच झाला असता, असं काहीतरी मी बोललो. बोलताना माझं मलाच ते पोकळ वाटलं. त्यांनी ओल्या अंगावर पुन्हा स्वेटर चढवला.

काका आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला त्या सहलीनंतरचा हिवाळा आठवतो. राहिलेली बेटं करायला आम्ही पुन्हा निघालो होतो. मी त्यांना बोलवायला गेलो, तर दार पुरतं न उघडताच ते म्हणाले, “नको रे. पुन्हा आवडेल.”