इंजिनावरची पांढरी खूण

जावयांनी त्या दिवशी माझं फार कौतुक केलं आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. तेच आधी लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

मी सिंगापूरला मुलीकडे राहायला आले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं असेल. जावई आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतात आणि रविवारी जुनी इंजिनं शोधत फिरतात. पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवताना त्यांना एका चिनी म्हाताऱ्यांच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली, एक डिझेल इंजिन दिसलं. तेव्हापासून आमचे सगळे रविवार तिकडेच. मला बोटीत बसायची भीती वाटते, पण घरी एकटी थांबते म्हटलं की मुलगी रागावते, म्हणून मीही जायची.

इंजिन खरंच निराळं होतं. जावई मला समजावून सांगायचे, "आई, नेहमीच्या इंजिनात एका नळकांड्यात एक पिस्टन असतो. यात दोन आहेत, समोरासमोर. दोघं एकमेकांवर धावून येतात."

"म्हणजे आपल्यासारखंच," मुलगी म्हणाली.

"आणि तरी चालतं बघ," जावई म्हणाले.

पण ते कुठे बनलं हे कळत नव्हतं. नावाची पट्टी कधीच गेली होती, नुसती खिळ्यांची भोकं उरली होती. जावई जुन्या इंजिनांचा नाद असलेल्या लोकांच्या ग्रुपवर फोटो पाठवत. एक म्हणे जर्मन, दुसरा म्हणे इंग्लिश, तिसरा म्हणे जपान्यांनी केलेली नक्कल. जावई जेवताना एका हाताने तेच वाचत बसायचे.

त्या म्हाताऱ्यांना आम्ही अंकल म्हणायचो. ते मला आंटी म्हणायचे. आमच्या दोघांत बोलण्यासारखी भाषा नव्हती. आम्ही गेलो की ते माझ्यासाठी सावलीत खुर्ची आणून ठेवत, बसण्याआधी फडक्याने पुसत.

तो रविवार खंडेनवमीचा होता. धक्क्याजवळ बोटी दुरुस्त करणारा एक म्हातारा राहतो, त्याला विचारून बघू म्हणून जावई आणि अंकल तिकडे गेले. मुलगी सायकल घेऊन गेली. मी इंजिनासमोर एकटी बसून राहिले.

गावी आमच्या विहिरीवर इंजिन होतं. दर खंडेनवमीला ते रॉकेलने घासून, हळदकुंकू वाहून, फूल ठेवायचं काम माझं. आमचे हे म्हणायचे, "चालवायचं मी आणि नटवायचं तू." ते गेल्यापासून मी कुठल्याच यंत्राला हात लावला नव्हता. शिवाय लेकीच्या घरी राहणं मला अजून जड जातं. जावई एका शब्दाने कधी काही बोलले नाहीत, पण आपण त्यांच्या काही उपयोगी पडावं असं सारखं वाटत राहतं. खायला बसलं तरी वाटतं, दोन भांडी घासून मग बसावं.

अंकलच्या जनरेटरशेजारी डिझेलचा डबा होता. न विचारता त्यातलं थोडं मी करवंटीत घेतलं. नारळाचा काथ्या अंगणात पडलेलाच होता. घासायला बसले. काळ्या चिकटाखालून हिरवा रंग दिसू लागला, तसा मला हुरूप आला. मग मोठ्या चाकाकडे वळले.

कोरड्या काथ्याने चाकावरचा काळा थर खरवडला, तर खाली पांढरं काहीतरी होतं. आधी वाटलं, रंगाचा ब्रश पुसला असेल कोणी. मग वाटलं, नाही, हे कोणीतरी मुद्दाम काढलंय. एक उभी रेघ होती आणि तिला आडव्या रेघा. माझा हात थांबला. खरंच थांबला होता. पण बाकीचं सगळं एवढं स्वच्छ झालं आहे आणि हा एकच डाग बरा दिसत नाही, असं मनात आलं आणि मी घासलं. रंग जुना होता. डिझेल लागताच सुटला.

जावई परत आले आणि लांबूनच ओरडले, "आई! हे काय केलंत?" मी घाबरून उठले. तोवर ते इंजिनापुढे गुडघ्यांवर बसले होते. इंजिनाच्या पोटावर लोखंडातच ओतलेली उठावाची अक्षरं निघाली होती. इतके दिवस ती चिकटाखाली होती. त्यांनी फोटो पाठवला आणि आमचा चहा होईपर्यंत उत्तर आलं. डेन्मार्कमधला छोटा कारखाना, मासेमारीच्या बोटींसाठी इंजिनं करायचा, कधीच बंद पडला. ग्रुपवरच्या कोणीही तिथलं इंजिन प्रत्यक्षात पाहिलेलं नव्हतं.

"आम्ही सगळे शहाणे भांडत बसलो आणि तुम्ही काथ्याने उत्तर काढलंत," जावई म्हणाले. "आता माझी सायकलही देतो घासायला."

मी हसले. लाजले, पण बरं वाटलं.

अंकल मात्र अक्षरांकडे बघत नव्हते. ते पलीकडे जाऊन चाकावरून तळहात फिरवत होते, पुन्हा पुन्हा एकाच जागी. मग त्यांनी जावयांना काहीतरी विचारलं आणि जावयांचं हसू गेलं.

ते मला म्हणाले, "आई, यांच्या वडिलांच्या बोटीवर असंच इंजिन होतं. अडचणीत विकावं लागलं. अंकलनी पुढे भंगारातून हे विकत घेतलं, तेच आहे म्हणून. भाऊ म्हणतो, तुला फसवलं, तसली इंजिनं तेव्हा बऱ्याच बोटींवर होती. त्यावरून दोघं धड बोलत नाहीत. वडिलांनी चाकावर पांढऱ्या रंगाने स्वतःची खूण काढली होती, दुरुस्तीला दिलं की बदलू नये म्हणून."

"मग यांनी आधीच पुसून का नाही पाहिलं?" मुलगी म्हणाली. ती तेव्हाच परतली होती.

जावयांनी अंकलना विचारलं. अंकल थोडं हसले. पुसलं आणि भलतंच काही निघालं तर, म्हणून हात लावला नाही, असं ते म्हणाले.

माझ्या हातांना डिझेलचा वास येत होता. मी मुलीला म्हटलं, "पांढरं होतं गं. मी पुसलं."

"अगं आई!"

"सांग त्यांना."

तिने सांगितलं. अंकल रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते घरात गेले, खडूचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. "आंटी, यू सी? यू ड्रॉ, लाह." म्हणजे, पाहिलंत ना, मग तुम्हीच काढा.

चौथीनंतर मी खडू धरला नव्हता. चाकापाशी बसले. उभी रेघ काढली. तिच्यावर एक आडवी. मध्ये एक आडवी. इथवर मला दिसत होतं, डोळे मिटले तरी दिसत होतं. मग थांबले. अंकल माझ्या खांद्याशी वाकले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचा हात हवेत खाली आला आणि आडवा सरकला, अगदी थोडा. मी खाली तिसरी रेघ काढली.

ते तिथेच जमिनीवर बसले. तोंडाने आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. जावयांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गुडघे दुखतात सांगून मी गेले नाही. संध्याकाळी जावयांनी फोटो दाखवला. अंकलचा भाऊ आला होता. दोघे म्हातारे इंजिनाच्या दोन बाजूंना उभे होते आणि माझ्या खडूच्या रेघांवर अंकलनी पांढरा ऑइलपेंट दिला होता. भाऊ इंजिनापाशी आला आणि त्याने धाकटा असून मोठ्याला दोष दिल्याबद्दल माफी मागितली, असं जावई म्हणाले.

रात्रीची भांडी आवरताना मी मुलीला म्हटलं, "खालची रेघ होती की नाही, मला नक्की आठवत नाही गं. अंकलचा हात सरकला, म्हणून काढली."

ती म्हणाली, "आई, सोड ना आता. दोघं एकत्र जेवले. कोणाचं काय बिघडलं?"

तिचं बरोबर असेल. पण त्या भावाचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तरी त्याने माफी मागितली. ती त्याच्याकडून मी मागवून घेतली. मुलीपुढे मी पुन्हा हा विषय काढला नाही. उबीनला जाणंही मी सोडलं आहे. जावयांना वाटतं, मला बोटीची भीती वाटते.