क्रूझवर हरवलेल्या वस्तू

खोलीचं दार उघडलं आणि बॅगा खाली ठेवायच्या आधी मी बाल्कनीत जाऊन कठड्याला छाती लावून बघितली. कठडा माझ्या छातीच्या किंचित खाली येत होता. खाली जाड काच, वर लाकडी दांडा. काच हलवून पाहिली. बाल्कनीच्या दाराची मूठ दोनदा ओढून पाहिली. ती मलाच जड लागली, तेव्हा साडेचार वर्षांच्या पोराला काही ती हलणार नाही, असं मी ठरवून टाकलं. बाहेरच्या दोन्ही खुर्च्या उचलून आत आणल्या. बायको पलंगावर बसून हे सगळं बघत होती.

"अहो, चार दिवस तरी ते अंबड घरी ठेवायचं होतं," ती म्हणाली.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. कुठली शिडी घसरेल, कुणाची बाही कुठल्या मशीनमध्ये अडकेल, हे आधी ओळखायचा मला पगार मिळतो. लग्नाला गेलो तरी मी आधी बाहेर पडायचा रस्ता बघतो आणि मग आहेर देतो. घरचे हसतात. मला त्याचा राग येतो, कारण काही झालं की माझ्याकडेच बघायचं असतं.

नाशिकहून निघताना बायकोने तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा धुऊन-पुसून त्यात कांद्याचा चिवडा भरून घेतला होता. बोटीवर दिवसभर खायला मिळतं, हे तिला काही केल्या पटेना. मुंबईला बोटीवर चढताना तपासणीच्या माणसाने झाकण उघडलं, वास घेतला, हसला आणि सोडून दिलं. त्याने तो डबा ठेवून घ्यायला हवा होता, असं मला पुढे फार वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्या बंद, गार खोलीत तळलेल्या कांद्याचा असा वास कोंडला की आठ वर्षांची मुलगी नाक दाबून बसली. "बाहेर ठेवा हो तो डबा," बायको म्हणाली. मी तो उचलला आणि बाल्कनीत कठड्याला अगदी चिकटवून ठेवला. जाता-येता कुणाचा पाय अडखळू नये म्हणून.

पोरगा काचेला नाक लावून उभा होता. चारी बाजूंना पाणीच पाणी, काठ कुठेच नाही. "बाबा, ही गंगा?" त्याने विचारलं.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. दर शनिवारी मी त्याला स्कूटरवर पुढे उभं करून पंचवटीत बहिणीकडे नेतो. पुलावर स्कूटर कडेला घ्यायची, त्याच्या हातात नाणं द्यायचं, त्याला जाळीच्या वर उचलायचं आणि त्याने ते पाण्यात टाकून नमस्कार करायचा. माझी आई मला असंच उचलायची. तेव्हा पुलाला जाळी नव्हती. आता ती कशासाठी लावली आहे, हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळतं, आणि तरी मी दर शनिवारी पोराला तिच्या वर उचलत होतो. गंगेला रिकाम्या हाताने ओलांडायचं नाही, बस्स.

"हो रे, गंगाच," मी बॅग उपसत म्हणालो.

"काही पण! हा अरबी समुद्र आहे, आणि गोदावरी तर दुसऱ्याच समुद्राला मिळते," मुलगी म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मग द्यायचं ना?"

"इथे नाणी नसतात. सगळं कार्डावर चालतं," मी म्हणालो. तो गप्प बसला. हट्ट नाही, रडणं नाही. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तू हरवायला लागल्या. आधी चहाचा चमचा, मग मुलीची केसांची क्लिप. जेवणानंतर पोराचा एक मोजा दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा कंगवा गेला. "उडत गेला का?" ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही दाराकडे बघायला लागलो. खोली साफ करायला एक वयस्क माणूस दिवसातून दोनदा यायचा. हसून नमस्कार करायचा, पोराच्या पलंगावर टॉवेलचा ससा करून ठेवायचा. मला तो ससाच खटकायला लागला. इतकं गोड वागायचं कारण काय?

आमच्या खोलीत काहीतरी वाईट चाललंय, असं मला त्या दिवशी सतत वाटत होतं. बोट संथ होती, ऊन छान होतं, वरच्या मजल्यावर लोक गाणी लावून नाचत होते, आणि मी मात्र हरवलेल्या वस्तू मोजत होतो. कारखान्यात मोठा अपघात व्हायच्या आधी चार-पाच बारीकसारीक गोष्टी घडून गेलेल्या असतात, त्या कुणी जोडून बघत नाही. मी जोडून बघत होतो, पण त्या माणसाला.

दुपारी माझं पेनही सापडेना तेव्हा माझं डोकं फिरलं. बायको आणि दोन्ही मुलं झोपली होती, पोरगा मध्ये. मी खालच्या मजल्यावरच्या काउंटरवर गेलो, तिथलंच पेन मागून घेतलं आणि पाच वस्तूंची लेखी तक्रार त्या माणसाच्या नावावर दिली. पुढे त्याची माफी मागितली, त्याने हात जोडून ती घेतलीही. तो भाग सोपा होता.

परत येऊन दार उघडलं तर खोलीत वारा होता. पलंगावर दोघीच. बाल्कनीचं दार हातभर सरकलेलं. पोरगा डब्यावर चवड्यांवर उभा होता, पोट लाकडी दांड्यावर, डोकं आणि दोन्ही हात पलीकडे. हातात टीव्हीचा रिमोट.

माणूस उंचावर कडेला असेल तर हाक मारायची नाही, हे मी शेकडो कामगारांना शिकवलं आहे. मी हाक मारली नाही. पलंगाच्या कडेने चालत गेलो. सात-आठ पावलंच होती. पत्रा त्याच्या पायाखाली टणकन वाजला आणि एक टाच हवेत गेली. मी मागून त्याची चड्डी आणि शर्ट एकत्रच मुठीत धरला आणि ओढून आत घेतलं. रिमोट खाली गेला. मी आवाजाची वाट बघितली, पण इतक्या उंचावर काही ऐकूच येत नाही.

मारायला हात उगारला, आणि त्याच हाताने बाल्कनीचं दार ओढून घेतलं. बायको उठून बसली होती. तिने आधी पोराकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

पोरगा मात्र खुशीत होता. "गंगेला दिलं," त्याने सांगितलं. "आज मोठ्ठं दिलं."

मी गुडघ्यांवर बसलो. "चमचा तूच दिलास? क्लिप? ताईला काय सांगितलंस?"

"ताई अंघोळीला गेलेली."

"आणि दार? ते तर जड आहे."

"दोन हातांनी उघडतं," तो म्हणाला.

"बाळा, असं कितीदा दिलंस रे?" बायकोने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू येईना.

रिमोट धरून सहा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्याने एका हाताची पाच बोटं उघडली. डोळे वर करून आठवलं. मग दुसरा हात पुढे केला आणि सहावं बोट उघडलं, सातवं उघडलं. आठवं उघडायला लागला तशी त्याच्या आईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मिटवून टाकला.