रुमालाखाली ठरलेला पहिला नंबर

माझ्या सख्ख्या साळ्याने मला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, सगळ्या गावासमोर फसवलं.

मी मंगरूळपीरचा बैलांचा व्यापारी. एका म्हाताऱ्या बैलावर धंदा सुरू केला आणि शेलूबाजारापर्यंत नाव कमावलं. जनावर चार पावलं चाललं की मी त्याची किंमत सांगतो. (मला फसवायला निघालेले सगळे आज पायी फिरतात!) पोरं बेलबॉटमने रस्ते झाडत फिरायची, तेव्हाची ही गोष्ट.

माझी सुमन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. "बाबा, मले एम.ए.ले अमरावतीले जाऊ द्या," म्हणून तिने महिनाभर घर डोक्यावर घेतलं. वैतागून मी साळ्यासमोरच म्हणालो, "गॅदरिंगच्या नाचात पयला नंबर आण, मंग जाय!" पहिला नंबर कायम पोरांचा यायचा, म्हणून मी निर्धास्त होतो.

आणि प्रिन्सिपॉल साहेब मलाच परीक्षक व्हा म्हणून घरी आले!

"प्राध्यापक परीक्षक असले की पोरं बाकडी फोडतात. तुमच्यासमोर कोण आवाज काढणार?"

"पण माझी पोरगी लेझीममध्ये आहे."

"असू द्या. तुम्ही तिची बाजू घ्याल, असं गावात कोणी म्हणणार नाही."

(हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.)

दुसरा परीक्षक म्हणून मी माझा साळा गणपत नेला. तोही बैलांचाच व्यापारी. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. गुणही तसेच ठरवू, कोणाला कळायला नको, असं मीच सुचवलं. हुशारी!

आधी पोरांचं कोळीनृत्य झालं. एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता, पण वल्हवत अशी होती की पहिली रांग भिजेल! रुमालाखाली दहापैकी आठ गुण बिनतक्रार ठरले. मग लेझीम. अर्ध्यात आली आणि फाट्! ढोलकीचं कातडं फुटलं. ढोलकीवाला आ वासून बसला. पोरी थांबल्या नाहीत. नुसत्या लेझमांच्या आवाजावर वाकल्या, वळल्या, उठल्या; एक पाऊल इकडचं तिकडे नाही. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो.

मग भानावर आलो. सात द्यायचे, विषय संपला. पण मी बोट हलवण्याआधीच गणपतने चार दाबली.

"चार? अबे, तुहे डोळे फुटले काय?"

"भाऊजी, पाय घासून राह्यल्या पोरी."

"घासून? ढोलकी फुटली तरी ताल सोडला नाई! असी चाल जलमात पाह्यली काय तू?"

"दम बी उखडला होता. बरं, पाच घ्या. तुमची पोरगी हाय म्हणून."

म्हणून! माझ्या मालावर मेहरबानी! मी सहा दाबली, सात दाबली. तो आपला मान हलवतोय.

"कायले तापता, भाऊजी? नंबर पोराइचाच हाय."

"नऊ!" मी उभा राहून ओरडलो. रुमाल खाली पडला. "नऊच्या खाली एक बोट नाई!"

"मंजूर," गणपत म्हणाला. इतक्या शांतपणे, की मला तिथेच घाम फुटला.

टाळ्यांनी मांडव दणाणला. सुमन धावत आली आणि आधी मामाच्या पाया पडली! बायकांच्या रांगेत आमची मंडळी तोंडात पदर कोंबून हसत होती.

"गणपतले म्यांच सांगतलं," बायको घरी म्हणाली. "फक्त त्याइच्या मालाले नावं ठेव. बाकी ते सोताच करतात."

सुमनची ट्रंक एस.टी.च्या टपावर मीच चढवली. आता कॉलेजवाले मला दरवर्षी बोलावतात. नाचात काय पाहायचं, असं कोणी विचारलं तर सांगतो : ढोलकी बंद पडली की पाय पाहा.

पण गणपतरावांनी एकदा माझ्या ओसरीवर येऊन जवाब द्यावा. पोरगी माझी, बोटं माझी, आकडा माझा, वर बोंबललोही मीच. मग या सौद्यात तुम्ही नेमकं केलं काय?