दोन्ही संघ करडे

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळायचे, हे सासरी कुणालाच खरं वाटत नव्हतं. लग्नानंतर अंगाने भरले, हेही त्याचं कारण असेल. अंतिम सामन्यात खांबावर सूर मारून शेवटचा गडी मी बाद केला, ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत आले आणि सासूबाई पंधरा वर्षं "असेल हो" म्हणत आल्या. सदाशिव पेठेतल्या "असेल हो"चा अर्थ ज्याला कळतो, त्याला माझं दुःख कळेल. कोपरावरचा व्रण दाखवला तर म्हणायच्या, "स्कूटरवरून पडलं तरी असाच होतो." एकदा तर पाहुण्यांसमोर "बोलाचीच कढी" म्हणून मोकळ्या झाल्या. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

मग बिबवेवाडीला माहेरी आवराआवर करताना त्या सामन्याची कॅसेट सापडली. आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या बाईंच्या भावाने शूटिंग केलं होतं. ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि घरी येईपर्यंत पर्स मांडीवरून हलवली नाही, खोटं कशाला सांगू?

रविवारी जेवणं झाल्यावर आमच्या ह्यांनी माळ्यावरून जुना व्हीसीआर काढला. हे खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत, त्यामुळे घरातल्या वायरींवर त्यांचा हक्क. मी हात पुढे केला की, "तू राहू दे." नवा चपटा टीव्ही भिंतीवर लागून जेमतेम महिना झाला होता. रिमोटवरचं प्लास्टिक सासूबाईंनी अजून काढू दिलं नव्हतं. व्हीसीआरच्या वायरीची पिन पिवळी आणि टीव्हीला मागे पिवळं भोकच नाही. ह्यांनी ती अंदाजाने हिरव्यात घातली, रिमोटवरून काहीतरी निवडलं आणि चित्र आलं.

आलं, पण सगळं करडं. आमचा संघ लाल शर्टातला, समोरचा हिरव्या शर्टातला. पडद्यावर दोन्ही संघ सारखेच करडे, आणि धुळीत नुसत्या वेण्या उडताना दिसत होत्या.

"यातली तू कुठली?" सासूबाईंनी विचारलं.

"ती, डावीकडची."

"असेल हो."

ह्यांनी निकाल देऊन टाकला, की कॅसेट जुनी झाली, रंग उडाला. वर हा व्हीसीआर आता फीत गिळेल, बंद करू या. पंधरा वर्षांचा पुरावा असा हातातून जाताना पाहून माझं डोकं फिरलं. मी स्वतःच उठून बटण दाबलं आणि कॅसेट थांबवली.

मुलीच्या बालवाडीच्या गॅदरिंगची कॅसेट लावून लावून मला त्या व्हीसीआरची खोड माहीत होती. फीत थांबली की तो स्वतःचा एक निळा पडदा दाखवायचा. आज तो निळा पडदाही करडा होता.

"कॅसेटचा रंग उडाला म्हणता," मी म्हटलं, "मग या निळ्याचा कुठे गेला? तो काही कॅसेटमधला नव्हे."

आमचे इंजिनियर टीव्हीच्या मागे डोकावू लागले.

मी स्टूल लावून माळ्यावर चढले. टीव्हीचं खोकं तिथे होतं, वॉरंटीसाठी जपलेलं, आणि थर्माकोलखाली माहितीपुस्तक होतं, कुणी न उघडलेलं. त्यात सरळ लिहिलं होतं. हिरवं भोक दोन तऱ्हेच्या यंत्रांसाठी आहे, आणि कुठलं यंत्र जोडलंय ते रिमोटवरून सांगावं लागतं. एकट्या पिवळ्या वायरीला 'एव्ही' निवडायचं. ह्यांनी 'कॉम्पोनंट' निवडलं होतं.

"का हो?"

"नाव जरा भारी वाटलं."

मी रिमोटचं बटण दाबलं. प्लास्टिकमुळे ते नीट लागेना, तेव्हा मी सासूबाईंच्या देखत ते प्लास्टिक टराटरा फाडलं आणि पुन्हा दाबलं. पडदा निळाशार झाला. कॅसेट सुरू केली आणि मैदानावर लाल शर्ट दिसू लागले.

मला खो मिळाला. मी उठले, धावले, काय धावले होते मी! हिरव्या शर्टातली मुलगी खांबाला वळसा घालत होती. मी खांबाला धरून सूर मारला, माझी बोटं तिच्या टाचेला लागली आणि मी कोपरावर आपटले. शिट्टी झाली. उठून उभी राहिले तेव्हा चेहरा थेट कॅमेऱ्याकडे होता आणि कोपरातून रक्त येत होतं.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"तेवढं पुन्हा लाव."

तीनदा लावलं. चौथ्यांदा लावणार तोच त्या उठल्या आणि दार उघडून समोरच्या काकूंना हाक मारली, "अहो, जरा येता का? आमच्या सुनेची मॅच लागलीय."

काकू आल्या, चष्मा लावून बघत राहिल्या. "ही तुमची सून? काहीतरीच काय!"

"कोपर दाखव गं काकूंना," सासूबाई म्हणाल्या.

मी बाही वर केली.