योहान डी. बोरुडे यांच्या घरी

आइंडहोवनच्या स्टेशनवर योहाननं माझी बॅग डब्यात चढवली आणि म्हणाला, "या वेळेला सांगूनच ये. मी तुझ्या घरी भागीदार म्हणून येणार नाही." योहान माझा नवरा. सहा वर्षं आम्ही एकत्र राहतो आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्या डच नगरपालिकेत सह्या करून लग्न केलं. भिंगारला माझ्या घरी मात्र तो धंद्यातला भागीदार आहे. फोनवर मी त्याला 'पार्टनर' म्हणालो होतो आणि आमच्या नगर जिल्ह्यात पार्टनर दोनच प्रकारचे असतात, एक धंद्यातला आणि एक खोलीतला. "धंदा कशाचा?" अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं होतं. मी म्हणालो, कॉम्प्युटरचा. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. योहानला येत्या हिवाळ्यात माझं घर बघायचं होतं आणि माझ्याकडे नऊ दिवसांची रजा होती.

माझ्यासारखे जे कोणी घरी जायला निघाले असतील त्यांना पहिला सल्ला असा, की नगरला मे महिन्यात जाऊ नये. मी गेलो, कारण रजा मे महिन्यातच मिळाली. मुंबईहून एसटीनं निघालो तो दुपारी नगरच्या स्टँडवर उतरलो. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो. तिकीट मागताना दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी तो त्याच गावाचं तिकीट देतो. स्टँडवरच्या नळाचं पाणी अंगावर घ्यायलासुद्धा गरम होतं.

भिंगारला जायला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मी कुठून आलो ते विचारलं, पगार विचारला आणि मग ठरल्याप्रमाणे लग्नावर आला.

"झालं," मी म्हणालो.

"मग मंडळी कुठंय?"

"घरचे तिकडंच असतात. त्यांना सुट्टी नव्हती."

दुसरा सल्ला व्याकरणाचा आहे. मराठी क्रियापद चुगलखोर असतं. 'ती येते' म्हटलं तर खोटं होतं आणि 'तो येतो' म्हटलं तर रिक्षा बाजूला थांबते. अशा वेळी 'घरचे' म्हणावं आणि पुढं सगळं 'ते येतात, ते करतात' असं आदरानं चालवावं. आदरार्थी बहुवचनात माणूस वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. मी राहिलो आहे.

अण्णा भिंगारच्या एका लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. तेहतीस वर्षं त्यांनी मोजे, बूट आणि पाण्याच्या बाटल्या सह्या घेऊन दिल्या. जे कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही, असा त्यांचा धर्म. दारातच त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "वाळला" एवढा शेरा मारला. आईनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळून रश्श्यात शिजवलेल्या वळकट्या) केले होते. ते मी ताटभर खाल्ले आणि मग कढईजवळच्या डब्याकडे हात नेला.

"हात लावू नको," आई म्हणाली. "धोंड्याचे अनारसे हायेत. जावयाच्या आधी कुनी तोंड लावायचं न्हाई."

अधिक महिना लागला होता, म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. या महिन्यात लेकीच्या नवऱ्याला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात आणि वाण म्हणून मोजून तेहतीस अनारसे देतात. रविवारी ताई आणि दाजी येणार होते. पोटच्या पोराला या महिन्यात काही मान नसतो. मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगायचं, असं मी विमानातच ठरवलं होतं. "अण्णा, योहानबद्दल बोलायचं होतं," मी सुरुवात केली.

"मला बी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली. "सहा वर्सं तुमी एका घरात राहता. तुझं आपेंडिक्स काढलं तवा दवाखान्यात त्योच बसला. आनि आपन त्याच्या आईबापाला साधं तोंड दाखवलं न्हाई. ह्ये बरं दिसत न्हाई. मी चौकशी केली. श्रीरामपूरला हायेत."

"कोण?"

"बोरुडे."

डायरीत त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'योहान डी. बोरुडे'. मी मागं फोनवर सांगितलं होतं योहान डी बूर. लाइन खराब होती. श्रीरामपूर भागातल्या ख्रिस्ती घरांत योहान हे नाव गणपतसारखं आहे, बूरचं बोरुडे व्हायला काही वेळ लागत नाही, आणि 'डी' म्हणजे बापाचं नाव असणार हे कोणत्याही स्टोअरकीपरला कळतं. डेपोतल्या जुन्या मित्रानं त्यांना कैलासवासी दानियल बोरुड्यांचं घर शोधून दिलं होतं. मुलगा योहान, परदेशात. सगळा कागद जुळत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अण्णांनी इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता आणि अर्धा किलो पेढे आणले होते. बसमध्ये सांगू, असं म्हणून मी चहा संपवला. भित्र्या माणसाला पुढचा स्टॉप नेहमी बरा वाटतो.

शुक्रवारी सकाळी निघालो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल सल्ला एवढाच, की पोटात काही घालून बसू नये. एसटीची प्रत्येक खिडकी वेगळ्या सुरात वाजत होती आणि त्या आवाजात नातं समजावून सांगणं शक्य नव्हतं. राहुरीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे उतरून रसवंतीच्या छपराखाली बसलो. उसाच्या रसाचा ग्लास हातात घेऊन मी म्हणालो, "अण्णा, योहान आपल्याकडचा नाही. डच आहे."

अण्णांनी घोट गिळला. "डच म्हंजी कुठलं मिशन?"

"मिशन नाही..."

"त्यांच्यात लई मिशनं असत्यात. आपल्याला काय करायचंय? पोरगा चांगला हाय ना?"

"चांगला आहे."

"मग झालं," अण्णा म्हणाले आणि माझ्या ग्लासातला बर्फ बोटानं काढून टाकला, घसा धरतो म्हणून. तेवढ्यात चाक बसलं. राहुरीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागला. आमच्या पूर्वेकडची माणसं हिवाळ्यात असाच ऊस तोडायला घरदार सोडून जातात. अण्णांनी ती वेळ नोकरीमुळे टाळली होती, त्यामुळे ते उसाकडे निवांत बघत होते. मी प्रवरेचा पूल येईपर्यंत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. पूल आला, गेला, आणि आम्ही श्रीरामपूरला उतरलो.

मार्थाबाई बोरुडे सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर येशू आणि शेजारी दानियलरावांचा फोटो. अण्णांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या योहाननं माज्या पोराला लई सांभाळलं," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या वेळंला दोन दिवस दवाखान्यातून हलला न्हाई."

"तसाच हाय त्यो," मार्थाबाई म्हणाल्या. "रूमवर कुनालाबी ताप येऊ द्या, पेज करून घालनार. आमच्या घरचे गेले तवापासनं घर त्यानंच वढलं."

असं अर्धा तास चाललं. दोघंही आपापल्या योहानचं कौतुक करत होते आणि एकही वाक्य एकमेकांना आडवं गेलं नाही. खोटं बोलून मी इतक्या वर्षांत जे साधलं नव्हतं ते त्यांनी खरं बोलून साधलं. शेवटी मार्थाबाईंनी मोबाईल काढला. शुक्रवार होता आणि दोह्यात सुट्टी होती. पडद्यावर मिशीवाला, बनियन घातलेला योहान बोरुडे आला. तिकडं तो एसी दुरुस्त करतो.

"ह्यो बघ तुजा पार्टनर, सुनील," म्हणत मार्थाबाईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

त्यानं मला नीट पाहिलं. मीही त्याला पाहिलं. "आई, माझे पार्टनर दोन केरळचे आन् एक गोरखपूरचा. ह्यांना मी वळखत न्हाई," तो म्हणाला आणि वर मला, "सॉरी, भाऊ."

अण्णांनी डायरी काढून पुन्हा वाचली. मग बंद केली. "पत्ता चुकला, बाई. माफ करा." ते उठले. मार्थाबाईंनी फोन बंद केला आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्यासमोर सरकवला. "ज्याचे त्याला द्या," त्या म्हणाल्या.

हो, पत्ता चुकला, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. चार दिवसांनी मी विमानात बसलो असतो आणि योहाननं स्टेशनवर माझं तोंड बघूनच ओळखलं असतं. पण अण्णा पेढ्यांचा पुडा हातात धरून उभे होते. इस्त्रीच्या शर्टाची घामानं वाट लागली होती. माझ्या माणसाचे आभार मानायला हा माणूस पंक्चर गाडीतून आला होता आणि ज्याचे मानायचे तोच त्याला सापडत नव्हता. मला फार लाज वाटली. मी माझ्या मोबाईलवरचा नगरपालिकेतला फोटो काढला. दोघं सुटात, कोटाला फूल.

"अण्णा, हा योहान. बोरुडे नाही, डी बूर. आमचा धंदा वगैरे काही नाही."

"मग कोन हाय?"

"आमच्या घरचे," मी म्हणालो.

दानियलरावांबद्दल मार्थाबाईंनी हेच दोन शब्द वापरले होते, त्याला तासही झाला नव्हता. खोलीत कुणालाही अर्थ सांगावा लागला नाही. मार्थाबाईंनी चष्मा लावला, माझा मोबाईल हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"लई उंच हाय," त्या म्हणाल्या. मग आत जाता जाता, "जेवायला बसा. मटन झालंय."

अण्णा खाली बसले. त्यानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, "आमाला मटन चालत न्हाई. धोंड्याचा महिना हाय."

बाईंनी बटाट्याची भाजी टाकली. आम्ही तिघं जेवलो. निघताना त्यांनी पुडा सोडून त्यातला एकच पेढा घेतला. "लग्नाचा म्हनून घेते," त्या मला म्हणाल्या आणि बाकीचा पुडा बांधून परत दिला. श्रीरामपूरला गेलात तर काय पाहावं असं मला विचारलंत, तर दुसरं काही सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. राहुरी गेली, विळद घाट आला. नगरचे दिवे दिसायच्या आधी त्यांनी विचारलं, "ऑपरेशनच्या कागदावर सही कुनी केली?"

"माझीच होती. खाली योहानची."

"नात्याच्या रकान्यात काय लिवलं?"

"नवरा."

"शिक्का हुता?"

"होता."

"हं," अण्णा म्हणाले. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी याहून जास्त बोलले नाहीत.

असे दिवस भिंगारमध्ये कसे काढावेत याचा मला सल्ला देता येत नाही. मी बाजारात दोनदा विनाकारण जाऊन आलो. रविवारी ताई-दाजी आले. दाजींना पाटावर बसवून ओवाळलं, धोंडे वाढले आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे दिले. वाढायला मी होतो. अण्णा दाजींशी पाऊस, कांदा, मोबाईलची रेंज सगळ्यांवर बोलले. आईला त्यांनी सांगितलं की नाही, तेही कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा पुरण घाटायची. मला वाटलं, हे घर माझ्या हातून गेलं. सोमवारी ती परत कढईसमोर बसली होती. पीठ उरलं असेल, असं मी धरलं.

मंगळवारी निघताना आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, नेहमीसारखी, आणि डोळ्याला पदर लावला, तोही नेहमीसारखाच. अण्णा स्टँडवर सोडायला आले. गाडी लागल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. स्टीलचा, वरून फडक्यानं बांधलेला, गाठीला डेपोतली सुतळी.

"तेहतीस हायेत. मोजलेत मी."

"कुणाला?"

अण्णांनी गाडीच्या पाटीकडे पाहिलं. "बोरुड्यांना," ते म्हणाले. "तू मधे तोंड लावायचं न्हाई. तुजी आई म्हनली."

गाडी हलेपर्यंत ते तिथं उभे होते. मी नगर जिल्हा संपेपर्यंत रडत होतो. शेजारच्या बाईंनी मला आवळासुपारी दिली, गाडी लागली असेल म्हणून.

शेवटचा सल्ला अनारशांचा. ते चेक-इनच्या बॅगेत घालू नयेत, मांडीवर न्यावेत. मुंबईच्या विमानतळावर डबा उघडायला लावला, तेव्हा मी अधिकाऱ्याला म्हणालो, धोंड्याचे आहेत. त्यानं मोजल्यासारखं वरवर पाहिलं आणि म्हणाला, "जावयाचे? न्या."

आइंडहोवनला योहान स्टेशनवर होता. त्यानं माझं तोंड पाहिलं, मग डबा पाहिला आणि माझी बॅग हातात घेतली. घरी त्यानं टेबलावर अनारसे ओळीनं मांडून मोजले. तेहतीस भरले. मी एकही खाल्ला नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी नीट पोचलो का, हे तिनं विचारलं नाही.

"त्यांनी खाल्ले का?" ती म्हणाली.

"खाल्ले."

"आवडले का त्यांना?"

मी इतकी वर्षं ज्या आदरार्थी बहुवचनात त्याला लपवलं, त्याच बहुवचनात ती आता त्याची चौकशी करत होती. हो, आवडले, मी म्हणालो.

"मग हिवाळ्यात या म्हनावं त्यांना. हुरडा असतो." आणि फोन ठेवता ठेवता, "तुला बी यायचं असलं तर ये."