तांबडं गोंदण

कॅमेरा हातात आला की माणूस शेफारतो. निदान मी तरी शेफारलो होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला मुंबई रस्त्याच्या कडेने कारखान्यांची बांधकामं निघत होती आणि त्यांतल्या एका बांधकामावर, कंत्राटदाराच्या हाताखाली, मी हजेरी कारकून होतो. पुण्याच्या पेठेतून आलेला, बी.ए.ला एकदा आपटलेला, चोवीस वर्षांचा. देहूरोडच्या लष्करी डेपोत ओळखीचा एक स्टोअरकीपर होता, त्याच्याकडून मी जुना पेटी कॅमेरा घेतला होता. कुणा गोऱ्या सोल्जराने जाताना टाकून दिलेला. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलात आठ फोटो. त्या आठ फोटोंच्या जोरावर स्वारी स्वतःला कलावंत समजू लागली होती.

रविवार उजाडला की मी सायकलवर टांग टाकून निघायचो. निर्वासितांच्या छावणीत बाजेवर पापड वाळत घालणाऱ्या सिंधी म्हाताऱ्या, बाभळीला आरसा टांगून दाढी करणारा न्हावी, सिमेंटच्या ट्रकमागे अडकलेली कडब्याची गाडी आणि तिच्यावर शांतपणे झोपलेला गाडीवान. गावाचं शहर होत होतं आणि ते आपल्याखेरीज कुणाला दिसतच नाही, अशी माझी खात्री होती. मी कुणाला विचारून फोटो काढत नसे. विचारलं की माणसं टोपी सारखी करतात, खांबासारखी ताठ होतात आणि फोटोतला जीव जातो, हे माझं तत्त्वज्ञान. पेटी कॅमेऱ्याची एक सोय होती. मान खाली असल्यामुळे समोरच्याला वाटे, हा बुवा आपल्याच पोटाकडे बघतोय. मी त्याला कसब म्हणायचो. आता मी त्याला चोरी म्हणतो, पण आता म्हणून काय उपयोग.

आमच्या बांधकामावर चाकणच्या पलीकडच्या एका गावची बाई होती. तिशीच्या आतली, उंच, फार न बोलणारी. मागच्या झोपड्यांच्या रांगेत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन राहायची आणि दिवसभर डोक्यावरून सिमेंटच्या मालाची घमेली वाहायची. रोज सकाळी मी हजेरीला तिचं नाव पुकारायचो, ती ‘हाय’ म्हणायची, मी खूण करायचो. ती कामावर आली त्या दिवशी तिचं नाव-गाव मीच लिहून घेतलं होतं. पण नाव-गाव लिहिणं म्हणजे माणसाकडे बघणं नव्हे. सहा महिन्यांत मी एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलेलं नव्हतं.

पाहिलं ते काचेतून. एका दुपारी ऊन भिंतीवरून तिरपं आलं होतं. ती घमेलं डोक्यावर घेऊन थांबली होती, एक हात वर, आणि मुलगी तिच्या पदराला लोंबकळत काहीतरी हट्ट करत होती. मी खटका दाबला. त्या क्षणी तिने माझ्याकडे पाहिल्यासारखं वाटलं. पण काचेत डावं-उजवं उलटं दिसतं आणि चित्र टीचभर, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

चिंचवड स्टेशनजवळ एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचा लहानसा स्टुडिओ होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझे रोल तेच धुवायचे, आणि फोटो रंगवायचं कामही मी त्यांच्याकडेच शिकत होतो. तेव्हा रंगीत फोटो म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोवर काडीला कापूस गुंडाळून हाताने चढवलेला रंग. चाचांचा एक नियम होता. विचारल्याशिवाय रंग लावायचा नाही. गिऱ्हाईक आलं की ते फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घेत: लुगडं हिरवं, टोपी काळी, डोळे घारे. मला हा सगळा वेळकाढूपणा वाटे. कलावंताला काय विचारायचंय?

बाईचा फोटो मोठा करताना मी मुलीला कापलं. ती कडेला होती आणि तिच्यामुळे फोटोचा तोल जात होता. मग रंगवायला बसलो. लुगड्याला अंजिरी, गालांना उन्हाचा तांबूस, आभाळाला किंचित निळा. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक ठसठशीत काळा ठिपका उठला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत तांबडंही काळं दिसतं, एवढी अक्कल मला आली होती. मी बारीक ब्रश तांबड्या रंगात बुडवला.

“बाई सवाष्ण आहे ना?” चाचांनी चष्म्यावरून बघत विचारलं. “हातात बांगडी दिसत नाही.”

घमेली उचलणाऱ्या बायका बांगड्या काढून ठेवतात, असं मी त्यांना ऐकवलं. कुंकू तर समोर दिसतंय, आणखी काय हवं? मी ठिपका भरला आणि खरं सांगतो, फोटोत जान आली. चाचांनाही तो इतका आवडला की त्यांनी तो दर्शनी काचेच्या कपाटात लावला. पुढचे पंधरा दिवस मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या रस्त्याने जात होतो.

तो फोटो आणखी एकाने पाहिला. बाईचा दीर कडबा विकायला चिंचवडला आला होता. गाडी बाजारात सोडून तो चहाला निघाला आणि त्या काचेपुढे त्याचा पाय थबकला. आत जाऊन त्याने चाचांना विचारलं. एका गिऱ्हाइकाने काढलाय, एवढंच चाचांनी सांगितलं, नाव सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दीर आणि म्हातारा सासरा असे दोघे आमच्या बांधकामावर हजर झाले.

जेवणाची सुट्टी होती. चाळीस-एक माणसं भाकऱ्या सोडून बसली होती. मी माझ्या टेबलाशी होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. दीर माणूस वाईट नव्हता, आरडाओरडाही करत नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की तू शहरात येऊन पाट लावलास, दुसरा नवरा केलास, तो तुझा प्रश्न. पण आमच्या भावाची पोर परक्याच्या घरात वाढायची नाही, ती आम्ही घेऊन जाणार. सासरा मुलीचं मनगट धरून उभा होता. बाईला काही कळेना. कसला पाट, कुणाशी, असं ती विचारत राहिली.

“कपाळाला कुंकू लावल्याला फोटू हाय तुजा,” दीर म्हणाला. “टेसनापाशी काचंत लावलाय. माज्या डोळ्यांनी बगितला.”

“गोंदण हाय ते. माज्या आयनं गोंदवल्यालं,” ती म्हणाली आणि तिने पदर मागे सारून कपाळ पुढे केलं.

“गोंदण तांबडं असतंय व्हय?”

त्या वेळी मी पहिल्यांदा मान वर करून तिच्या कपाळाकडे पाहिलं. हिरवट काळं, जुनं, कातडीत मुरलेलं गोंदण होतं. तिच्या आईने गोंदवलेलं मी रंगवून ठेवलं होतं.

मग ती सरळ माझ्या टेबलाकडे आली. तिच्यामागे ते दोघे, आणि त्यांच्यामागे सगळी भाकरी खाणारी माणसं. टेबलाला दोन्ही हात टेकून ती म्हणाली, “सायेब, माज्याबद्दल तुमाला काय ठावं हाय ते ह्यास्नी सांगा. बुकात लिवलंय ते वाचून दावा.”

मी हजेरीपट उघडला. पान सापडेना, मग सापडलं. तिच्या नावापुढे, नवऱ्याच्या नावाच्या आधी, सरकारी दप्तरात विधवेला लिहितात तसं, वळणदार अक्षरात मीच लिहिलं होतं: बेवा. मी तो शब्द मोठ्याने वाचला.

“ती आली तवाचं हाय ते,” दीर म्हणाला. “फोटू आत्ताचा हाय.”

बरोबर होतं त्याचं. आता एकच माणूस ते सोडवू शकत होता. ती माझ्याकडे बघत होती. मी फक्त म्हणायचं होतं की तो फोटो माझा आहे आणि त्या ठिपक्याला कुंकू मी लावलं. मनातल्या मनात मी ते वाक्य जुळवलं आणि तिथेच अडलो. परक्या बाईला कुंकू मी लावलं, हे वाक्य आपल्याकडे एकाच अर्थाने बोलतात. चाळीस माणसांसमोर, सासऱ्याच्या हातातल्या काठीसमोर, ते माझ्याकडून बोलवेना. रंग मी भरला, असंही सांगता आलं असतं. मला ते संध्याकाळी सुचलं. तेव्हा मी फक्त हजेरीपट मिटला आणि टाक उगाच पुसत राहिलो.

मुलीला त्यांनी नेलं. ती रडली नाही, तिला गाडीत बसायला मिळणार होतं. बाई रस्त्यापर्यंत गेली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली आणि परत येऊन तिने घमेलं उचललं, कारण सुट्टी संपल्याचा टोल पडला होता.

मी त्याच संध्याकाळी स्टुडिओत गेलो. चाचांनी फोटो आधीच काचेतून काढून ठेवला होता. मी स्पिरिटचा बोळा घेऊन तांबडा ठिपका पुसायला लागलो. तांबडं गेलं नाही, उलट कपाळभर पसरलं. चाचा बघत होते. रागावले नाहीत, त्यांनी फक्त मला विचारलं की मी तिथे काय सांगितलं. काहीच नाही, असं मी म्हटल्यावर ते आत निघून गेले. मग मी मूळ निगेटिव्हवरून पुन्हा एक फोटो काढला, साधा, बिनरंगाचा, काही न कापता. मुलगी पदराला लोंबकळत होती. तोल वगैरे काही जात नव्हता. उलट तिच्यामुळेच बाई तशी कलंडून उभी होती आणि तेच मला एवढं आवडलं होतं, हे आता मला दिसलं.

तो फोटो चार दिवस माझ्या खिशात राहिला. उद्या सांगू, उद्या सांगू. पाचव्या दिवशी तीच बोचकं घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, नाव कमी करा. सासरी निघाले. पोरगी तिथं, तर मी हितं कुणासाठी राबू? सासरचं ते घर सोडून ती का आली होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. पण ती खुशीने परत चाललेली नाही, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. फोटो मीच काढला, मुलीला मीच कापलं, तांबडं मीच भरलं. मी आत्ता तुमच्याबरोबर गावाला येतो आणि सासऱ्यासमोर हेच सांगतो, असंही म्हणालो. वरातीमागून घोडं निघालं होतं.

ती फोटोतल्या मुलीकडे बघत होती. तिच्या केसांवरून तिने अंगठा फिरवला.

“आता तुमी माज्यासंगं गावात आलात, तर त्यास्नी काय वाटंल?” ती म्हणाली.

माझ्या खरं बोलण्याचाही आता पुरावाच झाला असता, तिच्याविरुद्ध.

“तुमी काडला ते ठावं हुतं मला,” ती म्हणाली. “तुमची ती पेटी म्या बगितली हुती. म्हनून तर त्यास्नी घिऊन तुमच्याकडं आले.”

एवढं बोलून तिने फोटो चंचीत सरकवला, बोचकं उचललं आणि रस्त्याला लागली. तिला हजेरीपटातला शब्द नकोच होता. मला चाळीस माणसांत आरोपी न करता बोलायची संधी तिने दिली होती, आणि मी तिला तिचंच वैधव्य वाचून दाखवलं होतं.

कॅमेरा पुढे बरीच वर्षं माझ्याकडे होता. मी फोटोही काढले, विचारून. पण त्याने काही फिटत नाही. त्या दिवशी मला तिचं नाव कमी करायचं होतं. हजेरीपटात त्यासाठी दोन रकाने असत, तारीख आणि काम सोडण्याचं कारण. मी तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: स्वखुशीने. तिथे तेच लिहायची पद्धत होती.