एक बाजू रोज

मागच्या दिवाळीत मुलगी आली तेव्हा तिने माझ्या फोनमध्ये नव्वदच्या दशकातले माझे सगळे लाडके अल्बम शोधून भरून दिले. "पप्पा, आता जेवढं ऐकायचं तेवढं ऐका," म्हणाली आणि चार दिवसांनी बंगळूरला निघून गेली. मी बल्लारपुरात एकटा राहतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली, शाळेतून निवृत्त होऊन पाच. ऐकायला वेळच वेळ आहे. पण मी ऐकत नाही, नुसता चिडतो.

चिडण्यासारखंच आहे. फोनमध्ये अल्बमला ए बाजू नाही, बी बाजू नाही. पाचवं गाणं आधी लागतं, पहिलं कधी लागतच नाही. अल्बम म्हणजे काय भाजीचा वाटा आहे, की कुठूनही उचला? कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे कोणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं. शिवाय मला सगळीच गाणी घाईत वाटतात. मुलगी म्हणाली, "पप्पा, मूळ गाणी अशीच आहेत." असतील. मी ती उतरलेल्या सेलवर पाठ केली आहेत. सेल उतरत आले की टेप हळू चाले आणि गायकाचा आवाज जाड होई. चार वर्षं तेच ऐकलं, तर कानाला तेच खरं वाटणार.

ती चार वर्षं भामरागडच्या पुढच्या एका गावातली. दोन शिक्षकांची शाळा आणि शाळेला लागून आम्हा दोघांना मिळून एक खोली. मी तिशीचा, बिनलग्नाचा. दुसरा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चंद्रपूरच्या एका शिंपी घरातला मुसलमान मुलगा. त्याचं नुकतंच लग्न झालेलं आणि बायको चंद्रपूरला. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला गुरुजी. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद, टपाल बंद. वीज तशीही नव्हती. उरायचे ते आम्ही दोघं, पोरं आणि माझा टेप.

उन्हाळ्याच्या सुटीत मी चंद्रपूरहून कॅसेटी आणून ठेवायचो. पुढच्या चार महिन्यांची बेगमीच ती. लोक तांदूळ, मीठ भरतात, मी अल्बम भरायचो. एक गझलेचा होता, काळ्या कव्हरचा. एक सतारीचा, त्याच्यावर नदीचं चित्र. एक नव्या पोरीचा, पॉप गाण्यांचा. तो मी आधी लपवून आणला होता, कारण शिक्षकाने असलं ऐकावं की नाही ते ठरत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मला तोच सगळ्यात जास्त आवडायला लागला. भावगीतांचे दोन होते. एक कव्वालीचा खास भाईसाठी आणला होता. त्याने तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "चांगला आहे." मी त्यातच भरून पावलो.

टेपला सहा मोठे सेल लागत. गावातल्या दुकानात सेल मिळाले तर मिळाले. म्हणून मी कायदाच केला होता, एक बाजू रोज. दिवेलागणीला जेवणं उरकली की एक बाजू लावायची आणि बंद. कॅसेट टेपमध्ये उलटी फिरवायची नाही, सेल खाते. त्यासाठी षटकोनी बॉलपेन होता. तो कॅसेटच्या भोकात घालून मी गरगर फिरवत बसे. सेल सादळू नयेत म्हणून चुलीशेजारी शेकायला ठेवत असू. गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही, हाही कायदा माझाच. भाईने तो कधीच मोडला नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, अर्धा तास पडून राहायचा. मला वाटायचं, असा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं. बाजू संपली की मी त्याला प्रत्येक गाण्याबद्दल सांगे, कुठे सतार येते, कुठे गायक श्वास चोरतो. तो हं हं करायचा. खरं सांगतो, माझ्या आयुष्यात माझं एवढं कोणी ऐकून घेतलेलं नाही. बायकोनेसुद्धा नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात त्याला मुलगी झाली. सतरा दिवसांनी एक माणूस नावेतून चिठ्ठी घेऊन आला तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात तो दोन दिवस केंद्रशाळेच्या बैठकीला नावेने भामरागडला गेला, तिकडून चंद्रपूरला निघता येतं का तेही पाहायला. निघता आलं नाही. इकडे मी एकटा. आणि मी माझाच कायदा मोडला. सेलांचा शेवटचा संच होता. पॉपचा अल्बम दोन्ही बाजू, मग परत दोन्ही बाजू, मग सतार, भर दुपारी, दार लावून. दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं आधी जाड झालं, मग गुरगुरलं आणि थांबलं.

भाई परत आला तो हिवताप घेऊनच. अंगात थंडी वाजून दात वाजत होते. गोळ्या दिल्या, गोधड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "गुरुजी, टेप लावा न." इतक्या दिवसांत त्याने स्वतःहून मागितलेलं हे पहिलंच. मी म्हणालो, सेल सादळले. एवढंच म्हणून गप्प बसलो असतो तरी बरं. पण मला माझीच लाज वाटली आणि भरपाई म्हणून मी कव्वालीचा अख्खा अल्बम त्याला गाऊन दाखवला. टाळ्यांसकट. मधेमधे माहितीही दिली. तो डोळे मिटून पडला होता.

पुढच्या वर्षी त्याची बदली झाली, मग माझी. बल्लारपूर ते चंद्रपूर गाडीने किती लांब आहे? तरी इतक्या वर्षांत आम्ही दोन लग्नांत उभ्याउभ्या भेटलो, तेवढंच. मला त्याच्याकडे जायला तोंड नव्हतं. आजारी माणसाने एक गाणं मागितलं आणि ते मी आधीच एकट्याने गिळून बसलो होतो. लोकांना वाटेल, एवढंसं तर आहे. पण ज्या एका माणसाने माझ्यासोबत ती गाणी ऐकली, त्याच्याशी मी खोटं बोललो होतो. आता घरात फोनवर ते अल्बम लागले की बाजूला कोणी नसतं आणि मला तीच संध्याकाळ आठवते. मागच्या महिन्यात मी ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. फोनमध्ये सगळे अल्बम होतेच. मनात होतं, सांगून झालं की दोघं बसून कव्वालीची एक बाजू ऐकू.

चंद्रपुरात त्याच्या मुलाचं शिंपीकामाच्या सामानाचं दुकान आहे, गुंड्या, रिळं, चेन, अस्तर. भाई दुपारी गल्ल्यावर बसतो. दाढी पांढरी झाली आहे. मला पाहून उठला, मिठी मारली, स्टूल पुसून दिलं आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. मी बसल्या बसल्या सुरू झालो. मुलगी, दिवाळी, फोन, घाईतली गाणी. मग सेलांचं सांगितलं. सादळले नव्हते, मीच संपवले होते, म्हणालो.

त्याने गल्ल्यावरची गुंड्यांची डबी हातात घेतली. मग हसला. "तेवढ्यासाठी आले तुम्ही?"

"तुम्ही स्वतः मागितलं होतं, भाई. टेप लावा म्हणाले होते."

"गुरुजी, खरं सांगू? राग तर नाई न येणार?" त्याने हातातली गुंड्यांची डबी बाजूला ठेवली. "मले गाण्याचं काईच नव्हतं. टेप चालू असला की तुम्ही चूप बसत होते. अर्धा घंटा. तेवढाच टाइम मले भेटत होता. घरचं मनात आणत होतो. नाई तर सकाळपासून तुमचं सुरूच राहे."

"आणि तापात?"

"डोकं फुटून राह्यलं होतं. वाटलं, टेप लागला तर तुम्ही जरा थांबसान." तो आता मोठ्याने हसत होता. "आन् तुम्ही तर गाऊनच दाखवलं सारं!"

मीही हसलो. दुसरं काय करणार? त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण माणूस म्हणून तुम्ही लय चांगले, गुरुजी. कपाळावर पट्ट्या तुम्हीच ठेवल्या न. मी घरी सगळ्यायले सांगतो. पण ते दिवस? दुश्मनालेही नको. मी कॅलेंडरवर रेघा मारत होतो."

रेघा मला आठवत होत्या. मला वाटायचं, हा पोरांची हजेरी मांडतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते ते, आणि माझ्यापासून दोन हातांवर झोपलेला माणूस ते एकेक करून खोडत होता. मी सबंध गावाला सांगत फिरलो आहे की आम्ही दोघं ऐकायचो. आम्ही दोघं नव्हतो. मी एकटाच होतो, तेव्हाही.

चहा आला. एक बाई अस्तराचा तुकडा घेऊन आली, रंग जुळवून रीळ घेऊन गेली. फोन माझ्या खिशात होता, मी तो काढला नाही. भाईने माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"काऊन चूप बसले, गुरुजी? बोला न काईतरी."

सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं, नेहमीच असतं. पण भिंतीकडे तोंड करून त्या अर्ध्या तासात तो काय पाहत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. चार वर्षं एका खोलीत राहिलो. चिठ्ठी घेऊन तो माणूस आला त्या दिवशीसुद्धा मी पेढ्यांऐवजी एक अख्खी बाजू जादा लावली होती आणि मोठा उपकार केल्यासारखा बसलो होतो.

"भाई," मी म्हणालो, "पोरीचं नाव काय ठेवलं होतं?"

त्याने कप खाली ठेवला. मग नाव सांगितलं.